देवालयाचा मुखमंडप : अथेन्सपासून अकलोलीपर्यंत

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे लहानसे गाव आहे. मुंबईकडील मंडळी तेथे जातात ती मुख्यतः ऊन पाण्याच्या कुंडांसाठी. कुंडात स्नान करावे, रामेश्वराचे दर्शन घ्यावे आणि मग जवळच्या टेकडीवरील वज्रेश्वरीस जावे, हा तेथील यात्रेचा क्रम होय. वज्रेश्वरीच्या पायथ्याशी प्रथम दीपमाळ लागते आणि नगारखान्याचा दरवाजा लागतो. त्यातून आत गेल्यावर बावन्न दगडी पायऱ्या चढावयाच्या. वाटेत एका पायरीवर कोरलेल्या कासवास हात लावावयाचा. किल्ल्याच्या तटासारख्या भिंतीच्या आत शिरावयाचे. नंतर खांबांचा मंडप, आणि सर्वांच्या शेवटी गाभारा. भाविकाची दृष्टी गाभाऱ्याकडे लागलेली असते. त्यामुळे ज्या वाटेने तो तेथवर पोहोचला ती वाट कोणी, कशासाठी आणि कोणत्या विचाराने बांधली, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतो. वस्तुतः देवालयाचा इतिहास जितका देव्हाऱ्यात असतो तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, त्याच्या दाराशी असतो.

या प्रश्नाला एकेकाळी मोठ्या वादाचे स्वरूप आले होते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या वास्तुशिल्पाचा पहिला सविस्तर इतिहास लिहिणारे जेम्स फर्ग्युसन यांचे असे मत होते की, या देशात दगडी बांधकामाची कला ग्रीकांशी संबंध आल्यानंतर सुरू झाली. तत्पूर्वी येथे जे काही होते ते लाकडाचे होते. बंगालचे पंडित राजेंद्रलाल मित्र यांनी आपल्या ओरिसाविषयक ग्रंथात या मताचा कडकडीत प्रतिवाद केला आणि फर्ग्युसन यांनी 1884 साली त्यांच्याविरुद्ध एक स्वतंत्र पुस्तक लिहून त्यास उत्तर दिले. वाद दोघा विद्वानांचा होता, परंतु त्याची झळ साऱ्या सुशिक्षित वर्गास लागली. आपल्या पूर्वजांनी देवासाठी जे घर बांधले ते त्यांच्या स्वतःच्या बुद्धीचे की परक्याच्या नकलेचे, असा हा सवाल होता. भावनेच्या भरात त्याचे उत्तर कोणत्याही बाजूने देता येईल. पण देवळाच्या दारापाशी उभे राहून पाहिले, तर पुरावाच उत्तर देऊ लागतो. त्यासाठी आधी ग्रीक देवालयाच्या दाराशी जावयास हवे.

ग्रीक देवालयाची मूळ कल्पना अगदी साधी आहे. कोकणातील जुन्या घरास जशी समोर ओसरी आणि आत माजघर, तसे देवाच्या घरास समोर एक उघडी ओसरी आणि आत एक लांबट खोली. या खोलीस ग्रीक लोक ‘नाओस’ म्हणत. म्हणजे देवाचे राहण्याचे स्थान. तिच्या पुढील ओसरीस ते ‘प्रोनाओस’ म्हणत. खोलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पुढे काढावयाच्या, त्यांच्या टोकांमध्ये दोन खांब उभे करावयाचे आणि वर छप्पर घ्यावयाचे, की मुखमंडप तयार झाला. पुढे याच बीजातून निरनिराळे प्रकार निघाले. कोठे खांबांची रांग भिंतींच्या पुढे आली, कोठे तशीच ओसरी मागील बाजूसही बांधली गेली, आणि मोठ्या देवालयांत तर चारही बाजूंनी खांबांचा वेढा पडला. मागील ओसरीतून गाभाऱ्यात जावयास बहुधा दार नसे. पुढील ओसरीला उत्तर म्हणून, इमारतीचा तोल साधण्याकरिता ती असावयाची.

हे सारे आरंभी लाकडाचे होते, आणि त्याचा पुरावा दगडातच शिल्लक आहे. डोरिक पद्धतीच्या देवळात खांबांवरील पट्टीत ठराविक अंतराने तीन उभ्या रेघांचे चौकोन दिसतात, व त्यांच्याखाली थेंबांसारखे लहान गोळे ओळीने लोंबलेले असतात. दगडी इमारतीस त्यांचा काहीएक उपयोग नाही. तुळयांची टोके आणि त्या पक्क्या करणाऱ्या लाकडी खुंट्या यांची ती आठवण आहे, असे रोमन वास्तुकार विट्रुव्हियसच्या काळापासून सांगत आले आहेत. ऑलिंपिया येथील हेरा देवीचे देऊळ इसवी सनापूर्वी 600 च्या सुमाराचे. त्याचे खांब एकमेकांशी जुळत नाहीत. कोणाचा घेर कमी, कोणाचा माथा निराळा. जुने लाकडी खांब जसजसे कुजले तसतसे एकेक बदलून दगडाचे घातले गेले असावेत, असा याचा उलगडा करण्यात येतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा प्रवासी तेथे गेला, तेव्हा मागील ओसरीतील दोन खांबांपैकी एक ओकच्या लाकडाचाच असल्याचे त्याने नमूद करून ठेविले आहे. सात-आठशे वर्षांच्या पूजाअर्चेत एवढा एक खांब त्या लोकांनी जपला होता.

ही कला परमोत्कर्षास पोहोचली ती अथेन्सच्या टेकडीवर. पार्थेनॉन हे अथेना देवीचे मंदिर इसवी सनापूर्वी 447 मध्ये सुरू झाले आणि 432 मध्ये त्यावरील मूर्तिकाम पुरे झाले. त्याची बैठक सुमारे 101 फूट रुंद व 228 फूट लांब असून बाहेरच्या वेढ्यात दर्शनी आठ आणि बाजूस सतरा असे एकंदर 46 खांब आहेत. प्रत्येक खांबाची उंची सुमारे 34 फूट. या वेढ्याच्या आत सहा खांबांचा मुखमंडप आणि त्याच्या आत देवीची हस्तिदंत व सुवर्ण यांची जवळजवळ 40 फूट उंच मूर्ती होती. एवढ्या भव्य मंदिराच्या मुखमंडपात भाविकांची दाटी होत असेल, अशी आपली सहज कल्पना होते. प्रत्यक्षात तसे नव्हते. तेथील खांबांमध्ये जाळ्या बसविलेल्या होत्या, आणि देवीला वाहिलेल्या मौल्यवान वस्तूंच्या ज्या याद्या अथेन्सच्या अधिकाऱ्यांनी दगडावर खोदविल्या, त्यांत मुखमंडपात ठेविलेल्या वस्तूंची यादी वेगळी आहे. म्हणजे ती ओसरी बव्हंशी देवीच्या जामदारखान्याचे दालन झाली होती.

मग लोक कोठे उभे राहत? बाहेर, आकाशाखाली. ग्रीक धर्माचा मुख्य विधी म्हणजे यज्ञबली, आणि त्याची वेदी देवळाच्या आत नसून समोर उघड्यावर असे. मंदिराचे तोंड बहुधा पूर्वेकडे. दार उघडले की सकाळचा प्रकाश मूर्तीवर पडे आणि देवता जणू आपल्या घरातून बाहेरचा सोहळा पाही. या एका गोष्टीतून ग्रीक देवालयाचे सारे रूप उलगडते. सर्व शोभा बाहेरच्या बाजूस, कारण पाहणारा बाहेर आहे. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरात हेराक्लीसचे बारा पराक्रम कोरले आहेत, ते सहा पुढील मुखमंडपावर आणि सहा मागील मंडपावर. पार्थेनॉनच्या भिंतीवरून मिरवणुकीचा जो सुमारे सव्वापाचशे फुटांचा शिल्पपट धावतो, तोही गाभाऱ्याच्या बाहेरील अंगास. आतील भिंतीवर असे काही नाही.

त्याच टेकडीवर, इसवी सनापूर्वी 421 ते 406 या सुमारास बांधलेले एरेक्थेऑन नावाचे दुसरे देवालय आहे, आणि मुखमंडपाचा विचार करणाऱ्यास ते पार्थेनॉनहूनही अधिक मोलाचे वाटेल. जमीन उंचसखल, जुनी पवित्र स्थाने हलविता येत नाहीत, अशा अडचणीत बांधणाऱ्यांनी तीन दिशांना तीन निरनिराळे मंडप काढले. पूर्वेस सहा नाजूक आयोनिक खांबांची ओसरी; उत्तरेस खालच्या पातळीवर एक प्रशस्त मंडप; आणि दक्षिणेस तो जगप्रसिद्ध छोटा सज्जा, ज्याचे छत खांबांऐवजी सहा युवतींच्या मूर्तींनी मस्तकावर तोलून धरले आहे. त्यांपैकी एक मूर्ती लॉर्ड एल्गिन यांनी काढून नेली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उरलेल्या पाच अथेन्सच्या संग्रहालयात सुरक्षित ठेवल्या असून जागेवर प्रतिकृती उभ्या आहेत.

तीन दिशांच्या तीन मंडपांची ही गोष्ट ऐकून ठाणे जिल्ह्यातील माणसास अंबरनाथची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अकलोलीच्या दक्षिणेस, कल्याणच्या पलीकडे असलेले हे शिवालय उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा त्याचा शिलालेख आहे. छित्तराजाने आरंभिलेले हे काम त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पुरे झाले, असे इतिहासकार मानतात. देवळाचे तोंड पश्चिमेस. आणि मंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांना तीन मुखमंडप. बाहेरून पाहता कोनाकोनांनी मोडत गेलेल्या भिंती, त्यांवर देवदेवतांच्या मूर्तींचे थर आणि त्यांतून पुढे आलेल्या या तीन ओसऱ्या, असा तो सारा घाट आहे.

पण साम्य येथेच संपते. अंबरनाथचा मुखमंडप हा थांबण्यासाठी नाही. आत नेण्यासाठी आहे. ऊन डोळ्यांवरून उतरावे म्हणून प्रथम ओसरीची सावली, मग मंडपातील मंद उजेड, मग गाभाऱ्याचा अंधार, अशी प्रकाशाची पायरी-पायरीने उतरंड लाविलेली आहे. येथे ती शब्दशः खरी आहे, कारण गाभारा मंडपाच्या पातळीवर नसून सुमारे वीस पायऱ्या खाली उतरून लिंगाशी पोहोचावे लागते. शिल्पकाराने आपले कसब बाहेरच्या भिंतींवर उधळले, तसे ते आतील चार मध्यखांबांवर आणि छतावरही ओतले आहे. पाहणारा आत येणार हे त्यास ठाऊक होते. ग्रीक देवालयात देव दाराकडे पाहतो आणि लोक बाहेर उभे राहतात. आपल्याकडे लोकांनी देवापाशी जावयाचे असते. दोन्हीकडे खांब आहेत, छप्पर आहे, उंबरठा आहे. परंतु पहिल्या ठिकाणी ओसरी ही मर्यादा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती वाट आहे. आत येण्याचा हा हक्क शतकानुशतके सर्वांस समान नव्हता, आणि कित्येकांची वाट याच ओसरीच्या बाहेर अडविली जात होती, हेही विसरता कामा नये. 1930 साली नाशिकच्या काळारामाच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह दाराशीच झाला याचे कारण हेच. जेथे देवाकडे जाण्याची वाट आहे तेथेच तिच्यासाठी झगडावे लागते.

आता उसनवारीचा प्रश्न. ग्रीकांचा कोकणाशी संबंध आला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. सोपारा आणि कल्याण ही बंदरे त्यांच्या व्यापाऱ्यांस ठाऊक होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शक ग्रंथात त्यांची नावे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी खांब दान दिल्याचे लेख आजही वाचता येतात. ग्रीक मुखमंडप या भूमीवर येण्यास याहून चांगली संधी कोणती? पण ते खांब पाहावे तर पायाशी कुंभ, माथ्याशी घंटेचा आकार आणि वर हत्तीवर बसलेली जोडपी. यवनाने पैसा दिला. घाट मात्र येथल्या कारागिराचा राहिला. वरच्या छताला तर प्राचीन लाकडी कमानी अद्याप आहेत. लाकडाची आठवण दगडात जपण्याची रीत ग्रीकांची तशी येथलीही होती; ती एकाने दुसऱ्यास शिकवावयास नको होती. जेथे जंगल आहे तेथे सुतार आधी आणि पाथरवट मागाहून येतो.

याहून ठळक उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील सतराव्या क्रमांकाचे लेणे उत्तरेकडील दत्तामित्री नगराच्या रहिवासी इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, धर्मदेवाच्या मुलाने, कोरविले, असे त्यातील लेख सांगतो. स्वतःस यवन म्हणविणाऱ्या माणसाने या महाराष्ट्रात स्वतःच्या खर्चाने उभी केलेली ही ओसरी. तिचे अष्टकोनी खांब आखूड आहेत आणि त्यांच्या माथ्यावर माहुतांसह हत्ती बसले आहेत. त्यात ग्रीसचे काही शोधूनही सापडत नाही. विदिशेजवळ बेसनगर येथे तक्षशिलेच्या हेलिओडोरस या यवन वकिलाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, तोही येथल्याच पद्धतीचा. याच्या उलट तक्षशिलेजवळ, आज पाकिस्तानात असलेल्या जांदियाल या ठिकाणी 1912-13 साली सर जॉन मार्शल यांनी जे देवालय उकरून काढले, त्याच्या मुखमंडपात खरोखरीचे आयोनिक खांब निघाले. म्हणजे ग्रीक मुखमंडप या खंडात येऊन पोहोचला होता. पण तो वायव्येच्या कोपऱ्यात रुजला; नर्मदेच्या दक्षिणेस त्याची वंशवेल पसरली नाही.

दुसऱ्या वेळी तो समुद्रमार्गे आला. 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेथील किल्ल्यात त्यांनी जी चर्चे बांधली त्यांच्या दर्शनी भिंतींवर ग्रीक-रोमन परंपरेतील खांब आणि कमानी आहेत. पडझडीतही त्या ओळखू येतात. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मोहिमेच्या वेळी, जय मिळाल्यास वज्रेश्वरीचे देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे परंपरा सांगते. आणि अकलोलीच्या शेजारचे ते देऊळ त्या नवसाची फेड म्हणून उभे राहिले. विजेत्यांच्या हाती वसईचा सारा दगड होता आणि डोळ्यांपुढे युरोपीय दरवाजांचे नमुने होते. तरीही वज्रेश्वरीच्या वाटेवर जे आले ते तट, पायऱ्या, मंडप, दीपमाळ आणि पुढे बडोद्याच्या गायकवाडांचे देणे म्हणून ओळखला जाणारा नगारखाना. मराठ्यांच्या लेखी देवीचे दार हे गडाच्या दारासारखे असावयास हवे होते. अथेन्सच्या टेकडीवर चढताना प्रथम जे भव्य प्रवेशद्वार लागते, ते नेसिक्लीस या वास्तुकाराने इसवी सनापूर्वी 437 मध्ये आरंभिले. त्याचा आणि या नगारखान्याचा हेतू एकच आहे. खालचा बाजार मागे राहिला आणि येथून देवाची हद्द सुरू झाली, हे येणाऱ्यास कळावे. हेतू एक, घाट दोन.

उसने काहीच घेतले नाही, असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. गोमंतकात, कवळ्याच्या शांतादुर्गेच्या आणि मंगेशीच्या देवळांत, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, भिंतीस चिकटलेले युरोपीय धाटणीचे स्तंभ आणि घुमट ही चर्चच्या बांधकामाशी नाते सांगतात. तेथील कारागिरांनी जे आवडले ते निःसंकोच घेतले. परंतु ते कोठे वापरले हे पाहण्यासारखे आहे. अलंकार बदलला, दीपमाळ, सभामंडप, अंतराळ, गाभारा हा जाण्याचा क्रम बदलला नाही. उसनवारी कपड्यांत झाली, चालीत झाली नाही.

तिसऱ्या वेळी ग्रीक मुखमंडप इंग्रजांबरोबर आला आणि मुंबईत कायमचा उभा राहिला. कर्नल टॉमस कूपर यांच्या आराखड्याप्रमाणे 1833 साली पुरा झालेला टाउन हॉल, जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, तो याचा उत्तम नमुना होय. रुंद दगडी पायऱ्या, त्यांवर डोरिक खांबांची रांग आणि वर त्रिकोणी शीर्ष. येथे देव नाही, वेदी नाही. आत ग्रंथ आहेत. ग्रीसमध्ये ज्या ओसरीच्या आत सामान्य माणूस सहसा जात नसे, तिच्या खांबांमधून मुंबईचे वाचक ज्ञानार्जनासाठी आत गेले. एका अर्थाने या परक्या मुखमंडपास मराठी मुलखाने आपली रीत शिकविली, आणि मर्यादेची वाट केली.

तेव्हा फर्ग्युसन आणि मित्र यांच्या वादाचा निकाल देवळाच्या दाराशी असा लागतो. आकार प्रवास करतात, व्यापारी आणि सैनिक ते बरोबर आणतात. पण आकार रुजावयाचा की नाही हे उपासना ठरविते. ज्या समाजाची पूजा उघड्यावर होती त्याने बाहेरून पाहण्याचे मंदिर बांधले. ज्याची पूजा गाभाऱ्यात होती त्याने आत नेणारी वाट बांधली. म्हणूनच यवन दात्याच्या ओसरीवर हत्ती बसले आणि वसईच्या विजेत्यांनी नगारख्यान्याखालून जाणारी वाट पसंत केली.

यातून आजच्या जीर्णोद्धार करणाऱ्यांनी एक बोध घ्यावयास हवा. आपल्याकडे गाभाऱ्यास सहसा कोणी हात लावीत नाही. श्रद्धा त्याचे रक्षण करते. हातोडा पडतो तो सभामंडपावर आणि ओसरीवर. गावोगावी जुने लाकडी खांब, कोरीव तुळया आणि उतरती कौले काढून तेथे सिमेंटचा सपाट मंडप आणि चकचकीत फरशी येते, कारण तो भाग केवळ दाराचा समजला जातो. जागा वाढते, पावसाची सोय होते, हे खरे. पण उन्हातून सावलीत आणि सावलीतून अंधारात नेणारा तो सावकाश क्रम एकदा मोडला, की भाविक रस्त्यावरून एकदम देवापुढे येऊन उभा राहतो. ऑलिंपियाच्या लोकांनी कुजके खांब बदलले. मात्र जो टिकत होता तो ओकचा खांब शतकानुशतके जागच्या जागी राहू दिला. देवळाच्या दुरुस्तीचे याहून शहाणे धोरण अद्याप कोणास सुचलेले नाही.